घरासाठी कॉम्प्युटर, नवा की वापरलेला?

प्रश्न: मुलांचा अभ्यास, बिलं भरणं, व्हिडिओ कॉल एवढ्यासाठी घरात एकच लॅपटॉप घ्यायचाय. सेकंडहँड घेतला तर फसू का?

उत्तर: एवढ्या कामाला सेकंडहँड मस्त चालतो हो, फक्त वय बघा. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट, म्हणजे सुरक्षेचे अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर नि टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षेची चिप) लागतं, त्यामुळे त्याआधीचं मशीन कितीही चकाचक पुसून दिलं तरी नको. रॅम ८ जीबी, डिस्क एसएसडीच (जुन्या फिरत्या हार्ड डिस्कपेक्षा वेगवान). चार्जर काढून अर्धा तास तिथेच चालवा, बॅटरी भराभर उतरली तर नवीचा खर्च किमतीत धरा, बिजागरीपण उघडझाप करून बघा. मशीनने आधीच्या मालकाचा पासवर्ड मागितला तर सरळ उठून या. गेमिंग, व्हिडिओ एडिटिंग करायचं असेल तर मात्र नवाच, वॉरंटीसकट.