एकटीचा युरोप आणि वाटेवरची सोबत

प्रश्न : मी २५ वर्षांची असून बडोद्यात नोकरी करते. येत्या सप्टेंबरमध्ये पाठीवर एक सॅक घेऊन २४ दिवस एकटीने युरोपात फिरण्याचा माझा विचार आहे आणि त्यासाठी मी नऊ देशांची यादीही केली आहे. पूर्वी मी युथ हॉस्टेलचा सार पासचा ट्रेक केला होता. तिथे जुळलेल्या मैत्रिणी अजून टिकून आहेत, परंतु तिथे गट आयता मिळाला होता. मी मुळात बुजरी आहे, शाकाहारी आहे आणि अनोळखी माणसांशी आपणहून बोलणे मला जड जाते. एकटीला सोबत कशी मिळते? मिळालेल्या सोबतीवर किती विश्वास ठेवावा? वाटेत कोणी 'पुढचे चार दिवस बरोबर फिरू' असे म्हटले, तर काय करावे? आईला याच गोष्टीची सर्वांत जास्त काळजी वाटते.
— एक वाचक, दांडिया बजार, बडोदे

उत्तर : प्रथम त्या नऊ देशांच्या यादीबद्दल लिहिते, कारण तुमचा सोबतीचा प्रश्न तिच्यातच अडकला आहे. २४ दिवसांत नऊ देश म्हणजे दर अडीच-तीन दिवसांनी सॅक भरायची, स्टेशन गाठायचे आणि नव्या गावात सारे पुन्हा पहिल्यापासून मांडायचे. बुजऱ्या माणसाची ओळख पहिल्या संध्याकाळी होत नाही. पहिल्या दिवशी नुसते हसणे होते, दुसऱ्या दिवशी सकाळी चहा करताना तोच चेहरा पुन्हा दिसतो, आणि 'आज कुठे निघालात?' हा प्रश्न तिसऱ्या दिवशी सहज तोंडून निघतो. तुमच्या यादीप्रमाणे त्या वेळी तुम्ही गाडीत बसलेल्या असाल.

म्हणून यादी चार देशांवर आणा. व्हिएन्नात पाच रात्री, प्राग आणि बुडापेस्ट येथे प्रत्येकी चार, आणि उरलेल्या दहा रात्री स्पेनमध्ये, अशी आखणी मी सुचवीन. व्हिएन्नाहून रेल्वेने बुडापेस्टला पावणेतीन तासांच्या आसपास आणि प्रागला सुमारे चार तास लागतात. इतक्या थोड्या प्रवासांसाठी युरेल पास, म्हणजे अनेक देशांच्या रेल्वेत चालणारा एकत्रित पास, घेण्याची गरज नाही. सुटी तिकिटे आधी काढली की पुरेसे आहे. पुढे स्पेनला मात्र विमानाने जावे.

स्पेनसाठी दहा रात्री राखण्याचे कारण कामिनोची वाट. फ्रान्समधल्या सँ-जाँ-पिए-द-पोर या गावापासून स्पेनमधल्या सांतियागो दे कोंपोस्तेलापर्यंतची ही जुनी ख्रिस्ती यात्रा सुमारे ७८० किलोमीटरची आहे, परंतु पुष्कळ लोक सारिया या गावापासून शेवटचे सुमारे ११५ किलोमीटर पाच-सहा दिवसांत चालतात. किमान शेवटचे १०० किलोमीटर पायी चालल्यास यात्रेचे प्रमाणपत्र मिळते; त्यासाठी यात्रेकरूच्या पुस्तिकेवर या टप्प्यात रोज दोन शिक्के घ्यावे लागतात. वाट चुकण्याची भीती बाळगू नका. ओ सेब्रेइरो गावच्या एलियास वालिन्या या धर्मगुरूंनी १९८० च्या दशकात पिवळे बाण रंगवून ही वाट पुन्हा माणसांच्या पायाखाली आणली, आणि आजही त्या बाणांवरच लोक चालतात.

आपल्या वारीत अनोळखी माणूसही 'माउली' या एका हाकेने जवळचा होतो. कामिनोवर तेच काम 'बुएन कामिनो', म्हणजे 'वाट सुखाची होवो', हे दोन शब्द करतात. मागून येणारा, पुढे जाणारा, झाडाखाली बूट काढून बसलेला, प्रत्येक जण ते म्हणतो, आणि उत्तर दिले की पहिले वाक्य बोलून झालेले असते. सर्वांची दिशा एक, दिवसाचे अंतर साधारण एकच, त्यामुळे सकाळी भेटलेले लोक दुपारच्या जेवणाला आणि संध्याकाळी मुक्कामावर पुन्हा भेटत राहतात. मी ही वाट चालले तेव्हा एका पोर्तुगीज शिक्षिकेशी पहिले दोन दिवस पायांच्या फोडांखेरीज कशावरही बोलले नव्हते. तिसऱ्या दिवशी पावसात आम्ही दोघी एका गोठ्याच्या छपराखाली थांबलो आणि तिने आपल्या आईच्या आजारपणाबद्दल सांगायला सुरुवात केली. बुजऱ्या माणसाला बोलण्यासाठी निमित्त हवे असते, आणि चालणे हे फार चांगले निमित्त आहे. बोलायचे नसेल त्या वेळी पावले मंद करावीत, कोणालाही वाईट वाटत नाही.

शहरांमध्ये हे निमित्त तुम्हाला हॉस्टेलच्या, म्हणजे प्रवाशांच्या स्वस्त सामायिक निवासाच्या, स्वयंपाकघरात सापडेल. हॉस्टेलची मूळ कल्पना रिशार्ड शिरमान या जर्मन शिक्षकाची. १९०९ मध्ये मुलांना घेऊन पायी सहलीवर असताना वादळात त्यांना एका शाळेत आसरा मिळाला, आणि सुटीत रिकाम्या राहणाऱ्या शाळा प्रवासी मुलांना का देऊ नयेत, हा विचार त्यांच्या मनात आला. १९१२ मध्ये जर्मनीतल्या आल्टेनाच्या किल्ल्यात पहिले कायमचे युथ हॉस्टेल उभे राहिले. एकत्र झोपावे, एकत्र रांधावे ही रीत सुरुवातीपासूनची आहे, त्यामुळे सामायिक स्वयंपाकघर असलेले हॉस्टेलच निवडा, चार पैसे जास्त पडले तरी. व्हिएन्नात रविवारी बहुतेक दुकाने बंद असतात हे मला ठाऊक नव्हते. पहिल्याच रविवारी माझ्याजवळ केवळ मूठभर तांदूळ होता, एका कोरियन मुलीजवळ गाजरे, आणि निघून गेलेल्या प्रवाशांनी फळीवर ठेवलेले मीठ-तेल सर्वांसाठी होते. त्या एका पातेल्यातल्या भाताने जितकी माणसे जोडली, तितकी पुढच्या आठवडाभरात जोडली गेली नाहीत.

तुम्ही बडोद्याच्या आहात, गरब्याच्या वर्तुळात शिरताना कोणी बोलावण्याची वाट पाहत नाही. दोन आवर्तने पाहून ताल पकडतो आणि मोकळी जागा दिसली की पाऊल टाकतो. त्या स्वयंपाकघरात तसेच वागा. लीलो चेवडोचे दोन पुडे सॅकमध्ये ठेवा आणि टेबलावर उघडून ठेवा. मात्र दूध आणि मांसाचे पदार्थ युरोपीय संघाबाहेरून नेण्यास प्रवाशांना मनाई आहे, म्हणून आईला पेढे आणि तूप देऊ नका म्हणावे. स्पेनमधल्या प्रसिद्ध तोर्तिया या बटाट्याच्या पदार्थात अंडे असते, आणि कामिनोचा शेवटचा टप्पा ज्या गालिसिया प्रांतातून जातो तिथल्या भाजीच्या सुपात बहुधा डुकराची चरबी घालतात. विचारल्याशिवाय घेऊ नका.

आता विश्वासाबद्दल. सोबत दिवसाची असावी, मुक्काम आपला असावा, हा नियम मी स्वतः पाळते आणि तुम्हीही पाळावा असे मनापासून वाटते. कोणाबरोबर दिवसभर किल्ला पाहणे, बाजारात फिरणे, एका टेबलावर जेवणे यात संकोच करू नका. परंतु तुमचे तिकीट तुमच्या हाताने काढलेले असावे, पलंग तुमच्या नावावर असावा, आणि पासपोर्ट क्षणभरही दुसऱ्याच्या पिशवीत जाऊ नये. खर्चाचा हिशेब त्याच संध्याकाळी मिटवावा. 'पुढचे चार दिवस बरोबर फिरू' असे कोणी म्हटले तर 'उद्याचा दिवस फिरू' असे उत्तर द्या. भला माणूस यावर रागावत नाही. जो रागावतो किंवा गळ घालतो, त्याच्याबद्दल अधिक विचार करण्याचे कारण उरत नाही. सामायिक खोलीत स्त्रियांसाठी वेगळी सोय असल्यास ती घ्या आणि लॉकरसाठी स्वतःचे कुलूप न्या.

निरोपाचीही तयारी ठेवा. तीन दिवसांची मैत्री स्टेशनवर संपते तेव्हा अनपेक्षित रडू येते, आणि त्यानंतरची पहिली संध्याकाळ फार रिकामी जाते. त्या संध्याकाळी गाव बदलू नये, आहे तिथेच लवकर जेवून झोपावे.

व्हिसाचे थोडक्यात सांगते. शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या अनेक देशांत मिळून चालणारा एकच व्हिसा, सर्वाधिक रात्री जिथे घालवणार त्या देशाकडे मागायचा असतो, म्हणजे तुमच्या बाबतीत स्पेनकडे. अर्ज सहा महिने आधीपासून आणि निदान १५ दिवस आधी करता येतो, प्रौढांचे शुल्क ९० युरो आहे आणि किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. बोटांच्या ठशांसाठी बडोदेकरांना बहुधा अहमदाबादला जावे लागते. अर्जासोबत मुक्कामांची आरक्षणे द्यायची असल्याने ती खरी पण रद्द करता येण्याजोगी घ्या.

आईंना माझे सांगणे असे की, मुलीने दिवसभर फोनवर राहावे अशी अपेक्षा ठेवू नये. रात्री झोपण्यापूर्वी एक निरोप आणि उद्याच्या मुक्कामाचा पत्ता, एवढे ठरवावे आणि तेवढे कसोशीने पाळावे. सर्व युरोपीय संघात आपत्कालीन मदतीचा क्रमांक ११२ आहे, तो दोघींच्याही लक्षात असू द्या.

प्रश्न : माझे वय ६२ आहे. निवृत्तीनंतर एकट्यानेच असा प्रवास करावा असे वाटते, पण हॉस्टेलमध्ये तरुणांच्यात मी अडचण ठरेन का?
— एक वाचक, रावपुरा, बडोदे

उत्तर : ठरणार नाही. काही हॉस्टेलांत सामायिक खोलीसाठी वयाची अट असते, ती आरक्षणापूर्वी वाचा आणि खालचा पलंग आधीच मागून घ्या. कामिनोवर तर निवृत्त लोक मोठ्या संख्येने चालतात. सॅकचे ओझे नको असेल तर थोड्या युरोंत ती पुढच्या मुक्कामी पोहोचवणारी सेवा मिळते. परंतु सरकारी आल्बेर्गे, म्हणजे तिथल्या धर्मशाळा, असे आधी पाठवलेले सामान सहसा घेत नाहीत, त्यामुळे त्या दिवसांचा मुक्काम खासगी आल्बेर्गेत ठरवा.