रंग हवा आहे, मग भिंत कशाला पाडायची?

प्रश्न: तीन वर्षं आईचं आजारपण याच घरात काढलं. तिला जाऊन पाच महिने झाले. लहानसा फ्लॅट माझ्या नावावर आहे, गृहकर्जाची अकरा वर्षं बाकी आहेत, आणि मी एकटी राहते. बाहेरच्या खोलीत आईचा पलंग होता, ती जागा आता रिकामी आहे आणि घर अक्षरशः खायला उठतं. सगळं घर रंग आणि चित्रं मध्यभागी ठेवून नव्यानं करावं असं फार मनात आहे. एका चित्रकाराचं मोठं जलरंगातलं चित्र मी कित्येक महिने मनात धरून आहे. इंटिरियर डिझायनरनं अंदाजपत्रक दिलंय. बँक पर्सनल लोन द्यायला तयार आहे. भाऊ म्हणतो, रंगानं मन बरं होत नसतं, ते पैसे गृहकर्जात भर. कर्ज घेऊ, बचत मोडू की विचारच सोडून देऊ? (ऑफिसकडून दोनेक वर्षांत बदलीची शक्यता आहे, पण ते नक्की नाही.)

उत्तर:

ताई, तुमचे आकडे इथे उघड करत नाही. तुमचा एका महिन्याचा घरखर्च, गृहकर्जाचा हप्ता धरून, हेच माप मानू आणि सगळं त्यातच मोजू. या मापानं तुमच्याकडे हाताशी असलेली बचत आठ महिन्यांची आहे. अंदाजपत्रक सात महिन्यांचं आहे. आणि दर महिन्याला तुमच्याकडून खर्चाच्या साधारण एक पंचमांश रक्कम शिल्लक राहते.

आधी तुमच्या दोन पर्यायांचं गणित पाहू. सगळं बचतीतून केलंत तर हातात एक महिना उरतो. घराच्या कामात अंदाजपत्रक तंतोतंत पाळलं जाणं दुर्मीळच. खर्च पंधरा टक्क्यांनी वाढला की तो एक महिनाही संपला, आणि एकट्याच्या पगारावर गृहकर्ज चालवणाऱ्या माणसाच्या खात्यात शून्य. कर्ज घेतलंत तर? बँकेनं सांगितलेला दर १४ टक्के, मुदत पाच वर्षं. या हिशोबानं शंभर घेतले की जवळपास एकशे चाळीस परत जातात, म्हणजे सात महिन्यांचं काम पावणेदहा महिन्यांना पडतं. हप्ता तुमच्या मासिक बचतीतले ऐंशी टक्के खाईल. मुदत तीन वर्षांवर आणली तर शंभराचे एकशे तेवीसच होतात, पण मग हप्ता तुमच्या बचतीपेक्षा मोठा होतो. दोन्ही पर्याय मी बाजूला ठेवते.

पण तिसरा, म्हणजे सोडून द्यायचा, तोही मला पटत नाही.

तुमचं पूर्ण पत्र (वर त्याचा सारांशच दिलाय) आणि अंदाजपत्रक मी शेजारी शेजारी ठेवून वाचलं. पत्रात अर्धं पान निळ्या-हिरव्या रंगाबद्दल आहे, त्याहून जास्त त्या चित्राबद्दल, संध्याकाळी ट्यूबलाइट लावली की खोली दवाखान्यासारखी वाटते याबद्दल. स्वयंपाकघराची भिंत पाडण्याबद्दल एक ओळ आहे. अंदाजपत्रकात मात्र उलट. भिंत पाडून वायरिंग आणि नळ हलवायला दोन महिन्यांचा खर्च. भिंतीत बसवायची कपाटं, माळा, खालून सामान ठेवायचा पलंग यांना अडीच. डिझायनरची फी अर्धा. रंगकामाला अर्धा, दिव्यांना पाव, पडदे आणि गालिच्याला पाव, चित्राला एक. म्हणजे ज्यासाठी तुम्ही हे सगळं करायला निघालात, ते दोन महिन्यांत बसतं. उरलेले पाच महिने पॅकेजबरोबर आलेले आहेत.

त्या पाच महिन्यांच्या विरोधात माझ्याकडे आणखी दोन कारणं आहेत. एक तुम्ही कंसात लिहिलंय. बदली झाली तर कपाटं, माळा आणि पाडलेली भिंत तिथेच राहणार. घर भाड्यानं दिलंत वा विकलंत तर तुमच्या आवडीनं बसवलेल्या कपाटाचे पैसे पुढचा माणूस मोजत नाही, त्याला ती जुनीच दिसतात. चित्र, दिवे आणि गालिचा तुमच्याबरोबर येतात. रंग राहतो, पण त्याची किंमतही तेवढीच. दुसरं कारण असं की जवळचं माणूस गेल्यानंतरच्या पहिल्या वर्षात परत न फिरवता येणारे निर्णय शक्यतो टाळावेत, असं मी सगळ्यांनाच सांगते. मग तो घर विकण्याचा असो, नोकरी सोडण्याचा असो किंवा भिंत पाडण्याचा. रंग आवडला नाही तर वर दुसरा हात मारता येतो. भिंतीचं तसं नाही, आणि ती भार पेलणारी आहे का, हे इमारतीच्या आराखड्यातून पाहिल्याशिवाय कुणी आकडा कसा दिला, हेही मला कळलेलं नाही.

भिंत पाडायची ती घर मोठं वाटावं म्हणून, असं डिझायनरनं लिहिलंय. मोठं वाटण्याचे स्वस्त मार्ग आहेत. जर्मनीतल्या माइन्झ विद्यापीठाच्या ओबरफेल्ड आणि सहकाऱ्यांनी २०१० साली प्रयोगांतून दाखवलं की छत फिकट असेल तर खोलीची उंची जास्त वाटते. भिंतीही फिकट असल्या तर उंचीचा भास आणखी थोडा वाढतो. छताला पांढऱ्याचा हात रंगकामाच्या अर्ध्या महिन्यातच येतो.

आता भावाच्या म्हणण्याकडे. रंगानं मन बरं होत नाही, हे ते म्हणतात त्यात तथ्य आहे, आणि डिझायनरच्या "हा निळा चिंता कमी करतो" या वाक्यावर तुम्ही पैसे मोजू नका. अशा दाव्यांचा इतिहास फारसा चांगला नाही. १९७९ मध्ये अमेरिकेत सिअ‍ॅटलच्या नौदलाच्या तुरुंगात एक कोठडी विशिष्ट गुलाबी रंगात रंगवली, कैदी शांत होतात म्हणून त्याचा बोलबाला झाला. पुढे नीट आखलेल्या चाचण्यांत, अगदी २०१५ मधल्या एका तुरुंगातल्या अभ्यासातही, तो परिणाम दिसला नाही. ज्याचा पुरावा म्हणून सर्रास उल्लेख होतो तो रॉजर उलरिच यांचा १९८४ चा अभ्यास पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांवरचा आहे. ज्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती ते विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले, त्यांना तीव्र वेदनाशामकंही कमी लागली. त्यात रंगाचा संबंध नाही, झाडांचा आहे. तुमच्या खिडकीतून झाड दिसतं असं तुम्ही लिहिलंय, आणि त्या खिडकीसमोर कपाट आहे असंही. ते कपाट हलवायला काही पडत नाही.

पण तुम्ही रंगाला औषध म्हणून मागत नाही आहात. जिथे तीन वर्षं रुग्णाची खोली होती तिथे पुन्हा राहती खोली व्हावी, एवढंच मागताय. याला अभ्यासाचा दाखला लागत नाही, आणि दोन महिन्यांची किंमत मला जास्त वाटत नाही. गृहकर्जात पैसे भरा, हा सल्ला एरवी ठीक आहे. पण तुमच्या बाबतीत हाताशी असलेली रोख रक्कम कर्जात घालून मोकळं होणं मला घराच्या कामाइतकंच धोक्याचं वाटतं. उद्या नोकरीत खंड पडला तर बँक तेच पैसे परत देत नाही. बचत सहा महिन्यांच्या वर ठेवून जे जास्त उरेल ते पुढच्या वर्षापासून खुशाल गृहकर्जात भरा. एक वेगळी गोष्टही सांगते. झोप लागत नाही, जेवण जात नाही असं चाललं असेल तर समुपदेशकाच्या फीसाठी या हिशोबात आधी जागा करा. ती फी अंदाजपत्रकात कोणी लिहीत नाही.

चित्राबद्दल थोडं सविस्तर बोलावं लागेल, कारण सगळ्यात जास्त ओढ तुम्हाला त्याचीच आहे. न्यूयॉर्कमध्ये हर्बर्ट आणि डोरोथी व्होगेल नावाचं जोडपं होतं. ते टपाल खात्यात कारकून, त्या ग्रंथपाल. घरखर्च डोरोथी यांच्या पगारावर चालायचा आणि हर्बर्ट यांचा पगार चित्रांना जायचा. विकत घ्यायचं ते परवडणारं हवं आणि आपल्या एका बेडरूमच्या फ्लॅटमध्ये मावणारं हवं, एवढे दोन नियम. त्यातून चार हजारांहून अधिक कलाकृतींचा संग्रह उभा राहिला आणि १९९२ मध्ये तो वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टकडे सोपवायचं ठरलं. मला यात रस आहे तो त्यांच्या शिस्तीत. कलेला त्यांनी ठरलेला एक प्रवाह दिला, तो घरखर्चाला शिवला नाही आणि घरखर्च त्याला शिवला नाही. आणि किंमत वाढली म्हणून त्यांनी चित्रं विकायला काढली नाहीत. "किंमत वाढेल" म्हणून तुम्हाला कुणी हे चित्र घ्यायला सांगत असेल तर ऐकू नका. चित्राला गिऱ्हाईक हवं तेव्हा मिळत नाही, मध्ये दलाली जाते, आणि तुमच्या मालमत्तेच्या यादीत मी ते शून्यच धरणार.

म्हणून चित्र बचतीतून नको, मासिक शिलकेतून घ्या. पाच महिन्यांची शिलक म्हणजे चित्राची किंमत. बरेच चित्रकार थोडी रक्कम आगाऊ घेऊन बाकी हप्त्यांनी, बिनव्याजी घ्यायला तयार असतात, फक्त विचारावं लागतं. सहावा महिना फ्रेमसाठी ठेवा, कारण अंदाजपत्रकात फ्रेम धरलेलीच नाही. कागदावरच्या जलरंगाला ती लागतेच, आणि आम्लरहित माउंट (चित्राभोवतीचा पुठ्ठा) व अतिनील किरण अडवणारी काच घेतली तर ती स्वस्तही पडत नाही. कागदावरची कामं संग्रहालयांत साधारण ५० लक्सच्या मंद उजेडात ठेवतात. तुमच्या घरात इतकं शक्य नाही, पण खिडकीसमोरची उन्हाची भिंत तरी त्याला देऊ नका.

चित्र आधी पक्कं करा, रंग नंतर. रंगाच्या छटा हजार मिळतात, चित्र एकच आहे. आवडलेल्या छटेचे लहान डबे आणा, दोन-अडीच फुटी पुठ्ठ्यावर दोन हात मारा आणि तो पुठ्ठा वेगवेगळ्या भिंतींना टेकवून सकाळी, दुपारी, दिवे लावल्यावर पाहा. छटेच्या कार्डावर बऱ्याचदा एलआरव्ही नावाचा आकडा असतो, शून्य ते शंभर, म्हणजे रंग किती उजेड परत फेकतो याचं माप. तो जितका कमी तितका रंग उजेड गिळतो आणि दिव्यांचा खर्च वाढतो. तुमचा गडद निळा-हिरवा एकाच भिंतीवर असावा असं मला वाटतं, पण ही आवडीची गोष्ट आहे, इथे माझं ऐकायलाच हवं असं नाही. ट्यूबलाइटच्या जागी २७०० केल्विनचे, म्हणजे उबदार पिवळसर उजेडाचे, आणि सीआरआय (उजेडात रंग किती खरे दिसतात याचं माप) नव्वदच्या वर असलेले दोन-तीन दिवे घ्या. दवाखान्याची छटा बरीचशी त्यानंच जाईल. आणि रंगाआधी ओल तपासा. ओलीवर दिलेला रंग सोलतो आणि तो अर्धा महिना पुन्हा मोजावा लागतो.

हिशोब असा बसतो: रंग, दिवे, पडदे आणि गालिचा मिळून एक महिना बचतीतून, सात उरतात. चित्र आणि फ्रेम सहा महिन्यांच्या शिलकेतून. तेवढा काळ बचतीत भर पडणार नाही, ते मला चालेल.

डिझायनरला आज-उद्याच कळवा की पॅकेज नको, फक्त रंग आणि प्रकाशयोजनेच्या सल्ल्याची वेगळी फी सांगा. पाव महिन्याच्या वर मागितली तर नको म्हणा. पॅकेजचं आगाऊ बुकिंग अजून दिलं नसेल तर देऊ नका. दिलं असेल तर ते परत मिळण्याच्या अटी कागदावर काय आहेत ते मला पाठवा, त्यावरून पुढचं बोलू.