हेलडायव्हर्स २ या चौघांपर्यंत मिळून खेळायच्या शूटिंग गेममध्ये नवीन आहेस? मग आधी हे वाच

पहिली गोष्ट, यात आपल्या गोळ्या आपल्याच माणसांना लागतात आणि ते बंद करता येत नाही. त्यामुळे नेम धरण्याआधी चौघांपैकी कोण कुठे आहे ते बघ. सोबत्याच्या मागून गोळीबार करायचाच असेल तर खाली बस किंवा आडवा हो. पुढे उभ्या असलेल्याने मात्र तेव्हा मध्येच बाजूला पळू नये. मोठा बॉम्ब मागवलास तर माईकवर ओरडून सांग, लाजू नकोस.

मदत मागवायला दिशांची बटणं ठरावीक क्रमाने दाबावी लागतात; असे दोन कोड बोटांत बसव. मेलेल्याला परत बोलावण्याचा: वर, खाली, उजवीकडे, डावीकडे, वर. दारूगोळ्याचा: खाली, खाली, वर, उजवीकडे. दारूगोळ्यात चार खोके येतात, माणशी एक. घाईत दोन उचललेस तर कोणीतरी रिकाम्या बंदुकीने लढतो, आणि याचा मला खरंच राग येतो.

अर्धं भरलेलं मॅगझीन बदललंस की उरलेल्या गोळ्या वाया जातात, हेही ध्यानात ठेव.

सॅम्पल, म्हणजे मोहिमेत गोळा करायचे, अपग्रेडसाठी लागणारे नमुने, सगळ्यांना सारखेच मिळतात. कोणी मेला तर त्याचे पडलेले उचल आणि शेवटी परत न्यायला येणाऱ्या यानापर्यंत पोहोचव. सुरुवातीला अवघडपणाच्या तिसऱ्या-चौथ्या पातळीवरच खेळ. अडलास तर विचार, मी सोबत उतरेन.