जिव्हाळी न दुखावता

पावसाळ्यात फिरणं कमी झालं की कुत्र्यांची नखं झिजत नाहीत, आणि नखांबद्दलचे प्रश्न वाढतात. त्यातले पाच या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : आमचा लॅब्रॅडोर तीन वर्षांचा आहे. घरात चालताना फरशीवर टकटक आवाज येतो. नखं कापायला हवीत का? (ठाणे)

हो. कुत्रा सपाट जमिनीवर शांत उभा असताना नख जमिनीला टेकता कामा नये. टकटक येते म्हणजे ते टेकतंय. असं नख पावलागणिक बोटाला वर ढकलतं, बोटं फाकतात, आणि टाइल्सवर पंजाखालच्या गादीची पकड कमी होऊन पाय घसरतो. रस्त्यावरच्या कुत्र्यांची नखं डांबरावर, दगडांवर आपोआप झिजतात. फ्लॅटमधल्या कुत्र्यांना ती सोय नाही. दर आठवड्याला नखं बघा. बहुतेकांना तीन-चार आठवड्यांनी कापावी लागतात.

प्रश्न : आमच्या जर्मन शेफर्डची सगळी नखं काळी आहेत. कुठवर कापायचं ते कळत नाही. (मडगाव)

पांढऱ्या नखातली गुलाबी जिव्हाळी, म्हणजे नखाच्या आतला जिवंत भाग, उजेडात दिसते, काळ्यात ती झाकलेली असते. म्हणून काळं नख एका झटक्यात कापायचं नाही. दिवसाच्या उजेडात बसा आणि एकेक मिलिमीटरच्या चकत्या काढा. प्रत्येक चकतीनंतर कापलेली बाजू समोरून बघा. सुरुवातीला ती कोरडी, भुरकट दिसते. जिव्हाळी जवळ आली की मधोमध गडद, ओलसर ठिपका दिसू लागतो. तो दिसला की थांबा. आणखी एक खूण आहे: पंजा उलटा करून नख खालून बघितलं तर टोकाकडे पन्हळीसारखी खाच असते. नख भरीव व्हायला लागतं तिथे जिव्हाळी आलीच असं समजा.

कटर कुत्र्यांसाठीचाच आणि धारदार हवा. माणसांच्या नेलकटरने किंवा बोथट कटरने नख दाबलं जातं, आणि जिव्हाळीला धक्का न लागताही कुत्र्याला दुखतं.

प्रश्न : गेल्या वर्षी नख कापताना रक्त आलं. तेव्हापासून कटर दिसला की आमची बीगल पलंगाखाली जाते. चौघांनी धरूनही जमत नाही. (पुणे)

चौघांनी धरणं आजपासून बंद करा, ही माझी कळकळीची विनंती. जिव्हाळीत रक्तवाहिनी असते तशी नसही असते, त्यामुळे तिला ते खूप दुखलेलं आहे. वर जबरदस्तीने धरलं की भीती पक्की होते.

महिनाभर वेळ द्या. पहिले काही दिवस कटर काढूच नका. ती निवांत पडलेली असताना पंजाला हात लावा आणि लगेच उकडलेल्या चिकनचा तुकडा द्या. पंजा हातात राहू देते असं दिसलं की एकेक बोट हलकं दाबा. मग कटर नुसता शेजारी ठेवा, पुढे नखाला टेकवा, आणि प्रत्येक वेळी खाऊ द्या. त्यानंतर एक दिवस एकच नख, तेही टोकापुरतंच कापा. तिने पाय ओढला की सोडून द्या आणि दुसऱ्या दिवशी एक पायरी मागे जा. रोज एक नख कापलं तरी अठरा नखं तीन आठवड्यांत होतात. घाई कशाला?

पुन्हा रक्त आलंच तर तुरटीची पूड किंवा कॉर्नफ्लोर लावून स्वच्छ कापडाने पाच मिनिटं घट्ट दाबून धरा, मध्ये उचलून बघू नका. वीस मिनिटांत थांबलं नाही तर डॉक्टरांकडे न्या. गोचीड तापात रक्तातल्या प्लेटलेट्स कमी होतात आणि तो आजार कधी अशा साध्या जखमेतून लक्षात येतो. दुखतंय म्हणून घरातली आयब्रुफेन किंवा पॅरासिटामॉलची गोळी मात्र देऊ नका. कुत्र्यांना ती विषारी ठरू शकते.

प्रश्न : आमची पॉमेरेनियन बारा वर्षांची आहे. पुढच्या पायाचं आतल्या बाजूचं नख गोल वळून कातडीत गेलंय. बाकीचीही फार वाढलीत. (सातारा)

हे अंगठ्याचं नख. ते जमिनीला कधी लागतच नाही, म्हणून झिजत नाही, आणि पॉमेरेनियनच्या केसांत दिसतही नाही. रुतलेलं नख घरी ओढू नका. ते काढून जखम साफ करावी लागेल, बहुधा औषधही लागेल, तेव्हा उद्याच दवाखान्यात न्या.

बाकीच्या नखांची काळजी घरी घेता येईल. नख वाढलं की आतली जिव्हाळीही पुढे येते, त्यामुळे एकदम आखूड करता येत नाही. दर आठवड्याला टोक तेवढं कापत राहिलात तर जिव्हाळी हळूहळू मागे सरकते. काही महिने लागतील. म्हातारपणी सांधे दुखतात, म्हणून पाय बाहेर ओढू नका. ती पडली असेल त्याच स्थितीत, थोडासाच उचलून कापा.

प्रश्न : शेतावरचा आमचा कारवान जातीचा कुत्रा रोज मोकळा फिरतो. त्याच्या मागच्या उजव्या पायाची मधली दोन नखं झिजून अगदी आखूड झालीत, बाकीची ठीक आहेत. (जत)

चारही पायांची नखं सारखी झिजली असती तर मी काळजी करू नका म्हटलं असतं. एकाच पायाची वरून घासली जात असतील तर तो पाय पुरता न उचलता ओढत असणार. दोष कंबरेत, मणक्यात किंवा नसेत असू शकतो. तो चालताना मागून आणि बाजूने मोबाइलवर व्हिडिओ घ्या. अनोळखी जागी कुत्रं नेहमीसारखं चालत नाही, म्हणून तपासणीला जाताना तो व्हिडिओ डॉक्टरांना दाखवा.