बाभळीच्या निकालामुळे गावचा साठवण तलाव अडतो का?

प्रश्न : आमचे गाव नांदेड जिल्ह्यातील नायगाव तालुक्यात आहे. नाल्यावर ४८० सघमी (सहस्र घनमीटर) क्षमतेच्या साठवण तलावाचा प्रस्ताव ग्रामपंचायतीने दिला होता. ‘बाभळीच्या निकालानंतर गोदावरीत नवा साठा करता येत नाही’ असे तोंडी सांगून तो बाजूला ठेवला आहे. हायकोर्टात जावे का? – एक सरपंच

उत्तर : इतक्यात नको. आधी ते तोंडी उत्तर कागदावर घ्या, कारण तुम्हाला सांगितलेले कारण चुकीचे आहे.

सर्वोच्च न्यायालयाने २८ फेब्रुवारी २०१३ रोजी गोदावरीवरच्या बाभळी बंधाऱ्याला परवानगी दिली, बंदी घातली नाही. १ जुलै ते २८ ऑक्टोबर दरवाजे वर ठेवायचे, साठा २.७४ टीएमसीपेक्षा (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट) जास्त करायचा नाही आणि त्यातले ०.६ टीएमसी पाणी १ मार्चला खाली सोडायचे, या अटी त्या बंधाऱ्यापुरत्याच आहेत. तो बंधारा तेलंगणातल्या पोचमपाड (श्रीरामसागर) धरणाच्या फुगवट्यात, म्हणजे धरणामागे पाणी पसरते त्या भागात येतो, म्हणून त्या घालाव्या लागल्या. तुमच्या नाल्याला त्या लागू नाहीत.

तुम्हाला खरोखर लागू होतो तो महाराष्ट्र आणि आंध्र प्रदेश यांच्यातला ६ ऑक्टोबर १९७५ चा करार. राज्यांमधला पाणीतंटा सोडवणाऱ्या गोदावरी लवादाने तो १९८० च्या निवाड्यात सामावून घेतला आहे. आता पलीकडच्या बाजूला तेलंगण आहे, एवढाच फरक. करारानुसार गोदावरीवर पैठणपर्यंत आणि पूर्णेवर सिद्धेश्वरपर्यंतचे सगळे पाणी महाराष्ट्राचे. त्याखाली, तसेच मांजरेवर निजामसागरच्या खाली, पोचमपाडपर्यंतच्या टापूत नव्या प्रकल्पांसाठी ६० टीएमसीची मर्यादा आहे. नायगाव याच टापूत येते. ही मर्यादा वापरावर आहे हे नीट लक्षात घ्या. तलाव बांधायला मनाई नाही, पण त्यातला वार्षिक वापर ६० टीएमसीच्या खात्यात मांडला जातो.

तुमचा आकडा किती, ते पाहा. एक टीएमसी म्हणजे २८.३२ दलघमी (दशलक्ष घनमीटर). ४८० सघमी म्हणजे ०.४८ दलघमी, जेमतेम ०.०१७ टीएमसी. तलाव वर्षातून एकदाच भरेल असे धरून हा हिशेब आहे. पावसाळ्यातच पाणी उपसून तो पुन्हा भरला, तर वापर वाढतो. ‘एवढ्याशा पाण्याने काय होते’ हा युक्तिवाद मात्र करू नका. शेकडो गावे तेच म्हणतात आणि खाते भरते ते अशा नोंदींनीच.

त्यामुळे पाणी उपलब्धता प्रमाणपत्राचे, म्हणजे तलावासाठी पाणी शिल्लक असल्याच्या दाखल्याचे काय झाले, हे विचारा. ते नाशिकच्या मुख्य अभियंता, नियोजन व जलविज्ञान यांच्याकडून येते. माहिती अधिकारात तीन गोष्टी मागा : प्रमाणपत्राची मागणी कोणत्या जावक क्रमांकाने गेली, तिच्यावर काय शेरा आला, आणि तुमच्या उपखोऱ्यातल्या पूर्ण, बांधकामाधीन व प्रस्तावित प्रकल्पांच्या नियोजित वापराचा तक्ता. तीस दिवसांत उत्तर आले नाही, तर पुढच्या तीस दिवसांत पहिले अपील करा. पुष्कळदा मागणी तालुक्याबाहेर गेलेलीच नसते.

तक्ता हातात आला की दोन नोंदी शोधा. करारापूर्वीच मंजूर झालेला वापर ६० टीएमसीत धरला असेल, तर ती चूक आहे. मर्यादा त्या वापराच्या वरची आहे. दुसरी नोंद कागदावरच राहिलेल्या प्रकल्पांची. रद्द झालेल्या तलावाचे पाणी त्याच्याच नावावर अडकले असेल, तर ते वर्ग करण्याची लेखी मागणी करा. स्थळाचे अक्षांश-रेखांशही तपासा. वरच्या गावच्या तलावाचे पाणलोट क्षेत्र वजा केले नसेल, तर येव्याचा (तलावात येणाऱ्या पाण्याचा) आकडा फुगतो आणि नाशिकहून प्रस्ताव परत येतो.

हायकोर्टाबद्दल. राज्यांमधला पाणीवाटप व्यक्ती किंवा ग्रामपंचायत न्यायालयात उकरून काढू शकत नाही. संविधानाचे कलम २६२ आणि १९५६ च्या आंतरराज्य नदी जलविवाद कायद्याचे कलम ११ आड येते. लवादाच्या प्रकाशित निवाड्याला सर्वोच्च न्यायालयाच्या हुकूमनाम्याइतकेच बळ आहे. रिट अर्जात मागता येते ते एवढेच : प्रस्तावावर ठराविक मुदतीत, लेखी कारणांसह निर्णय द्या. ही मागणी रास्त आहे; पण अपिलानंतरही कारण मिळाले नाही, तरच ती करा.

दरम्यान दोन कामांना वाटपाचा अडसर नाही. जुन्या तलावातला गाळ काढून मूळ क्षमता परत मिळवली, तर ती नवी नोंद नव्हे. आणि निवाड्यानुसार भूजलाचा वापर गोदावरीच्या पाण्यात मोजला जात नाही, म्हणून विहिरींच्या पुनर्भरणाचा आराखडा आजच जोडा. प्रमाणपत्र येईपर्यंत तलावासाठी कोणाच्याही जमिनीचे बक्षीसपत्र मात्र नोंदवू नका.