वाचकांचे प्रश्न : मेल्यावर कसली रँक, आप्पा?

या खेपेला पत्रांचा गठ्ठा सोडला तर निम्मी पत्रं रिटायर्ड पोलिसांच्या घरचीच. मी स्वतः पोलीस नाही, पण बाप हवालदार होता आणि माझी नोकरी सगळी पोलीस खात्यात पगाराच्या टेबलावर गेली, म्हणून लोकांना वाटतं याला सगळं माहीत असेल. असं काही नाहीये, पण जेवढं माहितेय तेवढं सांगतो.

प्रश्न : आमच्या तालुक्यात रिटायर्ड पोलिसांचं मदत मंडळ आहे, २४० मेंबर. वर्षभरात जे मेंबर वारले त्यांच्यासाठी आम्ही एक श्रद्धांजलीचा प्रोग्रॅम करतो, फोटो ठेवतो, नावं वाचतो, घरच्यांना शाल-श्रीफळ देतो. गेल्या वर्षी नावं वाचताना आधी पीआय साहेब, मग फौजदार, मग जमादार, हवालदार आणि शेवटी शिपाई अशी यादी केली होती. एका शिपायाचा मुलगा मधेच उठून निघून गेला. आता मंडळात दोन पार्ट्या पडल्यात. एक म्हणते खात्याची शिस्त आहे, रँकप्रमाणेच वाचा, दुसरी म्हणते मेल्यावर कसली रँक. आणि प्रोग्रॅम २१ ऑक्टोबरला घ्यावा असंही काही जणांचं म्हणणं आहे. काय करावं? (सेक्रेटरी, अमळनेर तालुका)

सेक्रेटरी आप्पा, तुमच्या भांडणाचं उत्तर तुमच्याच पोलीस ठाण्यात पडलंय, स्टेशन डायरीत. डायरीत नोंद कशी पडते? वेळेप्रमाणे. आधी साहेबांची आणि मग शिपायाची अशी नोंद कोणी टाकली असती तर साहेबांनीच त्याला फाडून खाल्लं असतं. मग यादीही तशीच करा, जो आधी गेला त्याचं नाव आधी. हुद्दा लपवायचं काही कारण नाही, पण तो नावाच्या मागून येऊ द्या, नाव, मग हुद्दा, मग बक्कल नंबर (खात्याने दिलेला शिपाई-हवालदाराचा नंबर) आणि कुठल्या कुठल्या ठाण्याला नोकरी झाली ते. बक्कल नंबर जरूर वाचा. पोलीस लाईनीत निम्म्या लोकांना माणूस नंबरानेच माहीत असतो आणि बाईला नवऱ्याचा नंबर म्हातारपणीही तोंडपाठ असतो, आमच्या आईला होता, दळणाच्या डब्यावरसुद्धा तोच टाकायची.

आणि दुसरं म्हणजे तुमच्या मंडळाची वर्गणी काय रँकप्रमाणे घेता का? फौजदाराकडूनही तेवढीच आणि शिपायाकडूनही तेवढीच घेत असाल (तशीच घेत असणार) तर मग यादी तरी कशाला वेगळी लावायची. त्या पोराच्या घरी जाऊन या एकदा. माफी वगैरे मागायला नको, नुसतं जाऊन चहा घ्या.

आता २१ ऑक्टोबरचं. इथे मात्र मी जरा कडक बोलणार आहे. १९५९ साली त्या दिवशी लडाखमध्ये हॉट स्प्रिंग्जला चिनी सैन्याने आपल्या पोलीस तुकडीवर गोळीबार केला, १० जवान गेले. त्यांचे मृतदेह आपल्याला मिळायलाच नोव्हेंबर उजाडला. पुढच्या वर्षीपासून तो दिवस देशभर पाळतात, हेडक्वार्टरला परेड होते, शोकशस्त्र (बंदुका उलट्या धरून मानवंदना) होतं, वर्षभरात कर्तव्यावर जे मेले त्यांची नावं वाचतात. दिल्लीला चाणक्यपुरीत जे पोलीस स्मारक झालं त्याचं उद्घाटनही २०१८ ला २१ ऑक्टोबरलाच झालं. म्हणजे तो दिवस ड्युटीवर पडलेल्यांचा आहे. आपला माणूस वयाच्या ५८ ला रिटायर झाला, १६-१७ वर्षं पेन्शन खाल्ली, शेतात विहीर केली, नातवंडं खेळवली आणि शुगरने घरच्या खाटेवर गेला, तर तो कमी नाही हो, पण त्याला त्या दिवशी उभं केलं की दोघांचीही ओळख पुसट होते. तुम्ही सगळ्यांनी त्या सकाळी पांढरा शर्ट घालून हेडक्वार्टरला जावं, मागच्या रांगेत उभं राहावं, नावं ऐकावी आणि परत यावं. तुमचा प्रोग्रॅम वेगळ्या दिवशी.

कुठल्या दिवशी म्हणाल तर मी आखाजी सुचवीन. बाकी महाराष्ट्र अक्षय तृतीयेला सोनं घेत फिरतो, आपल्याकडे खान्देशात तो पितरांचा दिवस आहे, घागर भरतो, वर डांगर (खरबूज) ठेवतो, सांजोऱ्या-आमरसाचा नैवेद्य आणि आगारी, म्हणजे पितरांच्या नावाने विस्तवावर घास. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्या दिवसांत लेकी माहेरी आलेल्या असतात. गेलेल्या माणसाची मुलगी सुरतेला दिलेली, एक नाशिकला, ऑक्टोबरमधे बोलावलं तर कोण येतं, आखाजीला घर भरलेलं असतं. फक्त प्रत्यक्ष सणाच्या दुपारी ठेवू नका, त्या वेळी जो तो आपापल्या घरी घागरीपुढे बसलेला असतो, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ऊन उतरल्यावर ठेवा. वैशाखाची दुपार आणि सत्तरीपुढची माणसं, पत्र्याच्या शेडमधे बसवाल तर पुढच्या वर्षीची यादी तिथेच वाढेल. (आखाजीला झाडाखाली पैसे लावून पत्ते कुटणाऱ्यांकडे ज्यांनी सगळी नोकरी काणाडोळा करण्यात घालवली त्यांना त्याच सणात मान मिळतोय हेही बरंच आहे.)

प्रश्न : सासरे पोलिसात होते, मार्गशीर्षात वारले. दहाव्याला मंडळाचे लोक आले, फोटोला हार घातला, भाषणं झाली, सासूबाईंना शाल दिली. पण त्यांची फॅमिली पेन्शन आज आठ महिने झाले सुरू नाही. पेन्शनच्या कागदावर त्यांचं नाव सुमनबाई आहे आणि आधारवर निंबाबाई. बँक म्हणते ट्रेझरीत जा, ट्रेझरी म्हणते ऑफिसला जा. सासूबाई आता कोणी मंडळाचं आलं की सरळ म्हणतात, "मले शाल नको रे भाऊ, मना पेन्शनना कागद कोठे अडकना ते सांग." आम्हाला लाज वाटते. (एक सून, शिरपूर)

लाज कसली ताई, तुमच्या सासूबाईंचं ते वाक्य प्रत्येक मंडळाने फळ्यावर लिहून ठेवावं असं आहे.

आधी कागदाचं सांगतो. निंबाबाई माहेरचं आणि सुमनबाई सासरचं, बरोबर ना? आपल्याकडे लग्नात नाव बदलायचे आणि सर्व्हिस बुकला नवं नाव लागायचं, पण आधारवाला आला तेव्हा म्हातारीने जे तोंडात आलं ते सांगितलं. असली प्रकरणं मी शेकड्याने पाहिलीत. बँक यात काही करू शकत नाही, तिला पीपीओवर, म्हणजे पेन्शन देण्याच्या आदेशावर, जे नाव आहे तेच दिसतं. तुम्ही सासरे ज्या ऑफिसमधून रिटायर झाले तिथे, म्हणजे एसपी ऑफिसच्या पेन्शनच्या टेबलाला अर्ज द्या, सुमनबाई आणि निंबाबाई ही एकच बाई आहे असं प्रतिज्ञापत्र, मृत्यूचा दाखला, पीपीओची झेरॉक्स, आधार, दोघांचा एखादा जुना फोटो किंवा जुनं रेशन कार्ड असेल तर तेही. ते ऑफिस प्रस्ताव करून महालेखापालांकडे मुंबईला पाठवतं, आपल्या भागाची पेन्शन तिथूनच मंजूर होते, तिथून दुरुस्ती आली की ट्रेझरी चालू करते. अर्जाची पोच घ्या, जावक नंबर विचारा, तो नंबर हातात असला की टेबलावरचा माणूस सरळ बोलतो. पैसे बुडत नाहीत, सासरे गेले त्याच्या दुसऱ्या दिवसापासूनची थकबाकी धरून मिळते.

अजून एक. सासऱ्यांच्या खात्यात त्यांच्या पश्चातही एखाद-दोन महिने पेन्शन पडत राहिली असेल आणि कोणी एटीएमने काढली असेल तर ती वसूल होणार, आधीच सांगून टाका. चोरी कोणी केलेली नसते, घरात दुःख असतं, तेराव्याचा खर्च असतो, पोरगा कार्ड घेऊन जातो, पण कागदावर ते जादा प्रदान दिसतं.

आता मंडळाला सांगतो. माझे वडील गेले तेव्हा तिसऱ्या दिवशी त्यांचे एक जमादार दोस्त आले, बसले नाहीत, रडले नाहीत, उभ्या उभ्याच विचारलं, "पीपीओ कुठं आहे रे?" मला असा राग आला होता की काय सांगू, मोठा भाऊ तर म्हणाला बाहेर जा. तो माणूस गेला नाही. ओट्यावर बसून राहिला, मग आईनेच आतून पत्र्याची ट्रंक काढून दिली. त्याने कागद लावले, आईचं नाव तिन्ही ठिकाणी जुळतं का ते बोट ठेवून ठेवून बघितलं, मृत्यूच्या दाखल्यासाठी नगरपालिकेत २१ दिवसांच्या आत नोंद करा म्हणून भावाला पिटाळलं, आणि मला म्हणाला तू याच टेबलावर काम करतो ना, मग तुझ्या बापाचा कागद बघायला मला का यावं लागलं. याला उत्तर नव्हतं माझ्याकडे, आजही नाही. गंधमुक्तीच्या (सुतक फिटायच्या) दिवशी हार घालणारे पुष्कळ होते, त्यातले चेहरे आता आठवत नाहीत.

म्हणून मंडळांनी एक करावं, मेंबर जिवंत आहे तोवरच त्याचा पीपीओ, बायकोचं आधार आणि बँकेचं पासबुक एकत्र ठेवून नावं ताडून बघावीत. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी सगळे म्हातारे तसेही रांगेत उभे असतातच, तिथेच एक टेबल टाका. नाव जुळत नसेल तर मेंबर स्वतः हयात असताना दुरुस्ती करून घेणं खूप सोपं असतं, सही करायला माणूस आहे ना. आणि खातं नवरा-बायकोचं जॉइंट करून घ्या.

प्रश्न : आमच्याकडे एखादा मेंबर वारला की प्रत्येकाने १०० रुपये काढायचे आणि ती रक्कम त्याच्या घरी द्यायची असा नियम आहे. आता वर्षाला जाणारे वाढले, लोक कुरकुरतात. त्यात परवा असा मेंबर गेला ज्याने दोन वर्षं एकाच्याही वेळी पैसे दिले नव्हते. त्याच्या बायकोला द्यायचे का? (खजिनदार, पाचोरा)

द्यायचे. थकलेले वजा करून द्या, पण द्या, आणि वजा किती केले ते तिला सांगत बसू नका, वहीत लिहा. माणूस दोन वर्षं का देत नव्हता ते कोणी विचारायला गेलं होतं का? बहुतेक वेळा दवाखान्यात पैसा जात असतो आणि हवालदारकी केलेला माणूस तोंडाने कधी सांगत नाही.

पण भाऊ, तुमची पद्धतच बदला. तरुण मेंबर कमी आणि म्हातारे जास्त झाले की ही मयताची वर्गणी बसते, २४० मेंबर धरले तर २४ हजाराचे १८ हजार होतात, मग १२. त्यापेक्षा दरमहा थोडी ठराविक रक्कम घ्या आणि निधी साठवा. घटनेत "इतके मिळतीलच" असं लिहू नका, "निधीच्या ऐपतीप्रमाणे मदत" असं लिहा. रकमेची हमी दिली की तो विम्याचा धंदा होतो आणि ते काम आपलं नाही. १८६० च्या सोसायटी कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक न्यास कायद्याखाली नोंदणी असेल तर दरवर्षी ऑडिट आणि कमिटी बदलली की धर्मादाय आयुक्तांकडे बदल अर्ज, हे चुकवू नका. बरीच मंडळं इथेच मरतात, अध्यक्ष वारला आणि कागदावर तोच अध्यक्ष! पैसे रोख देऊ नका, बाईच्या खात्यावर चेकने द्या. पोराच्या खात्यावर नाही, बाईच्या.

प्रश्न : प्रोग्रॅममधे विधवा बायकांना आम्ही साडी देतो. मी म्हटलं ओटीही भरू, तर दोन ज्येष्ठ म्हणाले असं चालत नाही. तुमचं मत? (एक मेंबरची मुलगी, साक्री)

२०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूरकडच्या हेरवाड गावाने विधवा प्रथा बंदीचा ठराव केला आणि मग सरकारनेही सगळ्या ग्रामपंचायतींना तसं परिपत्रक काढलं, तेव्हा त्या ज्येष्ठांना तेवढं सांगा. पण ताई, स्टेजवर एकदम कुंकवाचं ताट पुढे करू नका, काही जणींना ते नको असतं आणि माईकसमोर त्या नाहीही म्हणू शकत नाहीत. आधी घरी जाऊन हळूच विचारा. आणि पांढरी-करडी साडी उचलून आणू नका एकगठ्ठा, रंग त्यांना निवडू द्या.

प्रश्न : आमच्या ग्रुपवर कोणी वारलं की १८० जण हात जोडलेले पाठवतात आणि घरी जातात चार जण. (नंदुरबार)

ॲडमिनने निधनाची बातमी टाकून ग्रुप दोन दिवस बंद ठेवायचा, मेसेज फक्त ॲडमिनचा. त्यात घराचा पत्ता, दारावर जायची वेळ, गंधमुक्ती कधी, आणि कोणत्या गावाहून कोणाच्या गाडीत किती जागा आहेत ते. हात जोडायचे असतील तर तिथे जाऊन जोडा म्हणावं.