वाचकांचे प्रश्न : प्रेसमधली शतावरी आणि मुसळी

प्रश्न : शतावरीची फांदी प्रेसमध्ये (झाडे दाबून वाळवायच्या चौकटीत) ठेवली की आठवड्यात काड्या उरतात, बाकी सगळे टिपकागदावर गळून पडते. सफेद मुसळीचे उलटे. दहा दिवसांनीही कंद ओलेच, वर कोंब फुटतो. हे नमुने विद्यापीठाच्या हर्बेरियममध्ये (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात) द्यायचे आहेत. काय चुकते आहे? (एम.एस्सी.ची विद्यार्थिनी, सातारा)

उत्तर : दोन्हींचे दुखणे एकच आहे. झाड प्रेसमध्ये लगेच मरत नाही. शतावरीची 'पाने' म्हणजे खरे तर पर्णकांडे, पानासारखे काम करणाऱ्या बारीक फांद्या. फांदी हळूहळू सुकू लागली की ती गळतात. मुसळी कंदातल्या साठ्यावर जगत राहते. म्हणून दाबण्याआधी झाड मारून घ्या. शतावरीची फांदी उकळत्या पाण्यात १०-१५ सेकंद बुडवा, निथळू द्या, मग दाबा. मुसळीची फक्त मुळे मिनिटभर उकळत्या पाण्यात धरा. फुले वरच राहू देत.

तरीही थोडी पर्णकांडे गळतीलच. ती कागदी पाकिटात घालून शीटवर (नमुना लावायच्या जाड कागदावर) चिकटवा. ताज्या फांदीवर एका झुपक्यात किती पर्णकांडे होती ते मात्र जागेवरच मोजून लिहा, कारण वाळल्यावर तो आकडा कायमचा जातो. पेरावरचा काटाही जपा. शतावरीचे खरे पान म्हणजे तोच.

मुसळीचा जाड कंद ब्लेडने उभा चिरा, पण बुंध्याशी असलेला जोड तोडू नका. कंद थेट बुंध्यापासूनच फुगलेले आहेत (क्लोरोफायटम बोरिविलियानम), की दोऱ्यासारख्या मुळांच्या टोकाला लोंबतात (क्लोरोफायटम ट्युबरोसम), हे तिथेच दिसते. मुळाविना आणलेली मुसळी ओळखायला फार अवघड जाते. मोजकीच झाडे असतील तिथे मात्र उपटू नका, फोटोवर भागवा.

फुले तासाभरात दाबा. पांढऱ्या पाकळ्या टिपकागदाला चिकटून फाटतात, म्हणून एक फूल उलगडून बटर पेपरमध्ये ठेवा. टिपकागद पहिले चार दिवस रोज बदला. पावसाळ्यात ते आधी इस्त्रीने कोरडे करा, नाहीतर बुरशी धरलीच म्हणून समजा.

प्रश्न : आमच्या कॉलेजातल्या जुन्या शीटवर शतावरीचे कुळ 'लिलिएसी' लिहिले आहे. खोडून 'अ‍ॅस्परॅगेसी' करावे का? (प्रयोगशाळा सहायक, कोल्हापूर)

उत्तर : मूळ लेबलला कृपया हात लावू नका. वनस्पतींच्या वर्गीकरणाच्या जुन्या बेंथम-हूकर पद्धतीत शतावरी, मुसळी, रानकांदा हे सगळे लिलिएसीत होते. आज ते अ‍ॅस्परॅगेसीत मोडतात. लेबल लिहिणाऱ्याची ती चूक नव्हती. लेबल न झाकता त्याच्या वरच्या मोकळ्या जागेत छोटी चिठ्ठी चिकटवा : आजचे नाव, कुळ, ओळखणाऱ्याचे नाव, वर्ष. शाई पक्की काळी वापरा. कपाटाची मांडणी बेंथम-हूकरप्रमाणे असेल तर शीट तिथेच राहू द्या. एकटी हलवलीत तर पुढच्याला सापडणार नाही.